बिनमिठाची भाकर

काशीमावशींना मातीत ठेवून चारच दिवस झाले होते आणि उद्या महिन्याचा पहिला रविवार. म्हणजे प्रभुभोजन, एकच भाकर मोडून सगळ्यांनी वाटून घ्यायची.

खांदेश्वरच्या ख्रिस्ती मंडळीला स्वतःचं देऊळ नाही. शाळेच्या हॉलमध्ये बाकं सरकवून उपासना होते. पण तीस वर्षं, अगदी मंडळी कुणाच्या तरी गॅलरीत भरायची तेव्हापासून, प्रभूच्या मेजावरची भाकर काशीमावशींच्याच हातची. गव्हाचं पीठ आणि पाणी. मीठ नाही, सोडा नाही.

"आता बेकरीतून पाव मागवू," सेक्रेटरी नंदकिशोर दफनभूमीच्या फाटकातच म्हणाले होते. "कुणाला टेन्शन नको."

"मी करते," क्षिप्रा बोलून गेली.

"येते तुला?"

"येते."

येत नव्हती. मार्चपासून मावशी फोन करत होत्या, "एक शनिवार ये गं. हात शिकवायचाय तुला." आणि दर वेळी हिचं काहीतरी निघायचं. मनस्वीचे दात, मनस्वीचा ताप, ऑफिसचं काम. "पुढच्या शनिवारी नक्की, मावशी." "ये गं ये. मी कुठं पळून चाललेय?" शेवटचा फोन तर तिनं उचललाच नाही. मनस्वीचा नुकता डोळा लागत होता. नंतर करू, असं म्हणून फोन उशीखाली सारला होता तिनं.

शनिवारी दुपारपर्यंत तीन भाकरी वाया गेल्या. पहिलीत सवयीनं हात मिठाच्या डब्यात गेला. दुसरी कौलासारखी कडक झाली. तिसरी तव्यावरच भेगाळली.

"पहिली मस्त लागतेय की," तिचा नवरा निखिल तोंड हलवत म्हणाला.

"तू खात बस!" ती ओरडली, आणि मनस्वीला कडेवर घेऊन खाली उतरली. रिक्षा केली ती थेट नावड्याला, मावशींच्या घरी.

कमळाकरकाकांनी दार उघडलं. मावशींचा चष्मा अजून खिडकीतच होता.

"काका, पीठ किती वेळ मळायच्या हो त्या?"

"तिला कुठलं घड्याळ? नावं संपली की पीठ झालं."

"कसली नावं?"

"मंडळीची. घर अन् घर. ती वट्यापाशी पुटपुटायची, मी इथं पेपर वाचायचो. तीस वर्षांत पाठ झालं मलाबी. तू मळ, मी सांगतो."

त्यांनी तिची परात काढून दिली, मनस्वीला मांडीवर घेतलं, तिच्या हातात चमचा दिला आणि डोळे मिटले.

"थोरातांचा शिवा. त्याची सुनयना. पगारेआजी..."

"त्या तर गेल्या ना, काका?"

"गेल्या म्हणून काय झालं? ती कुनाला काढत नव्हती. नाशिकला गेलेले आढाव पन हायेत. बोलू नको, मळ. नंदकिशोर. ह्याच्या नावाला जरा जोर लावायची."

क्षिप्राला हसू फुटलं. चार दिवसांत पहिल्यांदा. नावामागून नाव येत होतं आणि पीठ हाताखाली हळूहळू मऊ पडत होतं.

"निखिल. क्षिप्रा. मनस्वी." काकांनी मांडीवरच्या पोरीला जवळ धरलं. "आन् मनस्वीच्या आधीचं."

तिचे हात जागीच राहिले.

चौथ्या महिन्यात गेलेलं ते. त्याला नाव नव्हतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, झालं ते झालं, आता विषय नको. आणि विषय खरंच कुणी काढला नाही, निखिलनंसुद्धा नाही. दवाखान्यात मावशी तेवढ्या आल्या होत्या, पेजेचा डबा घेऊन. ना उपदेश केला, ना वचन वाचलं. चमच्यानं पेज भरवली आणि डबा घेऊन गेल्या. क्षिप्राला वाटलं होतं, त्या विसरल्या असतील.

तीन वर्षं. दर महिन्याला.

आणि आपण एक शनिवार देऊ शकलो नाही.

"हात थांबवू नको, पोरी," काका हलकेच म्हणाले. "पीठ वाळतं."

तिनं डोळे दंडाला पुसले. परातीत काही पडू द्यायचं नव्हतं. पुन्हा मळायला लागली. काकांनी उरलेली पाच-सहा घरं घेतली.

"संपली."

पीठ अजून जरासं चिकटत होतं. "त्यांचं स्वतःचं नाव कुठं यायचं?"

"स्वतःचं कधी घेतलंच नाही तिनं."

मनस्वी चमचा आपटत होती. काकांनी तो हलकेच धरला. खिडकीतल्या चष्म्याकडे बघत बसले. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला "अगं" आणि "ऐकलं का" यापलीकडे हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती.

"काशी," ते म्हणाले.

क्षिप्रानं गोळा आणखी एकदा दाबून मळला आणि गॅस पेटवला.

रविवारी पाळकसाहेबांनी भाकर उचलली, आशीर्वाद मागून मोडली. सरळ मोडली नाही ती. एक बाजू मोठी, एक लहान. काका पहिल्या बाकावर होते. त्यांनी आपला तुकडा तोंडात घेतला आणि ताट शेवटच्या बाकापर्यंत पोचलं तरी ते चावतच होते.