निशाणवाल्याची तुकडी

आमच्या घरातलं मोठं टेबल जेवायचं म्हणून आणलं होतं, पण त्यावर जेवल्याचं मला फारसं आठवत नाही. दर रविवारी दुपारी धाकटे दीर यायचे आणि टेबलावर लढाई मांडली जायची. बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक, पुठ्ठ्याच्या टेकड्या, निळ्या कापडाची नदी. भाऊजी कवळ्या बनवायचे. हिरड्यांचा उरलेला गुलाबी मसाला ते सैनिकांच्या ढालींना वापरत, त्यामुळे त्यांचं सैन्य ओळखायला चष्मा लागत नसे.

"तुझ्या सैन्याला चावता तरी येतं का रे?" हे विचारायचे.

"आधी हरवून दाखव, दादा. मग एकेकाचं तोंड उघडून बघ."

हे नकाशे काढण्याच्या कचेरीत होते. स्वभावाने अबोल, माझ्याशीही कामापुरतंच बोलत. जे काय हसणं-बोलणं ते रविवारी, भावाशी. ते कानावर पडावं म्हणून मी शेजारी भाजी निवडत बसे, आणि ती जरा जास्तच वेळ निवडत असे.

दोघांचा एक शिरस्ता होता. नियमांचं पुस्तक जिथे गप्प बसे, तिथे फासा टाकून निकाल लावायचा नाही. लढाईत काय घडतं ते फासा सांगेल, बरोबर काय ते तो कसा सांगणार, असं यांचं म्हणणं. दोघांना पटेपर्यंत बोलायचं. ज्याला पटलं त्याने का पटलं ते सांगायचं. तोवर टेबलावरचं कोणी काही हलवायचं नाही. एरवी चहा निवायच्या आत निकाल लागत असे.

त्या रविवारी मात्र पुलावर घोडं अडलं. भाऊजींच्या तुकडीतले निम्मे सैनिक पडले होते. पुस्तकात एक नियम असा की निम्मी उरलेली तुकडी घाबरून लगेच पळते. दुसरा असा की निशाणवाला जवळ असला तर तुकडी जागा सोडत नाही. आणि निशाणवाला त्याच तुकडीत उभा.

"निशाण पुलावर आहे, दादा. तुकडी हलत नाही."

"निशाण धरलंय कोणी? त्यांच्यातल्याच एकाने. तुकडी घाबरली म्हणजे तोही घाबरला. मग कसलं निशाण?"

"पण निशाण समोर असताना ते घाबरतीलच कसे?"

"आणि पळणाऱ्याच्या हातात निशाण राहील कसं?"

संध्याकाळपर्यंत तेच. शब्दाने शब्द वाढला आणि हे बोलून गेले, "पूल जाईल म्हणून तुझा नियम असा वळतोय."

भाऊजींनी हातातली अंतरं मोजायची टेप गुंडाळली. "दादा, लहानपणापासून मी तुझ्याकडून हरतच आलोय. हरायची मला सवय आहे. लबाड म्हणवून घ्यायची नाही." चपला घालताना मला म्हणाले, "वहिनी, निकाल लागला की बोलवा."

ते येईनात. हे रविवारी टेबलाशी बसत, पुलाकडे बघत. बोलणं कामापुरतं होतं, तेही आटलं. मी पाणी नेऊन ठेवलं तरी मान वर होत नसे.

पुस्तक लिहिणारे एक निवृत्त मास्तर होते. शेवटच्या पानावर त्यांचा नंबर छापलेला. मीच फोन लावला आणि सगळं सांगितलं. मास्तर बराच वेळ हं हं करत राहिले. मग म्हणाले, "बाई, असं होईल हे आम्हाला सुचलंच नव्हतं. तुम्हाला पटेल ते करा." मी ते यांना सांगितलं.

"आम्हाला पटत नाही म्हणून तर विचारायचं होतं," हे म्हणाले.

शेवटी मी भाऊजींच्या दुकानात गेले. फळीवर कवळ्या वाळत होत्या, भाऊजी एक दाढ कानशीने घासत होते.

"हो म्हणून टाका ना," मी म्हटलं. "डॉक्टर यांच्या छातीबद्दल काय म्हणाले ते मी सांगितलंय तुम्हाला. अजून किती दिवस असे बसणार आहात दोघं?"

"मला तसं वाटत नाही, वहिनी."

"मला तरी कुठे काय वाटतंय? नुसतं म्हणा."

त्या रविवारी ते आले. यांनी गडबडीने उठून खुर्ची पुढे केली. भाऊजी उभ्यानेच म्हणाले, "दादा, तुझंच बरोबर. तुकडी पळते."

यांचा चेहरा असा उजळला की मी चहा टाकायला आत वळले. तेवढ्यात मागून ऐकू आलं, "का?"

"का म्हणजे?"

"का पटलं ते सांग."

भाऊजींनी पुलाकडे पाहिलं. निशाणवाला घाबरला असेल, असं काहीतरी पुटपुटले.

"असेल?" यांचा आवाज अगदी मऊ होता. "वहिनी आली होती ना तुझ्याकडे?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग हे म्हणाले, "मी आजारी आहे म्हणून पूल नको मला. जा तू." भाऊजी गेले.

त्यानंतर हे फार दिवस नव्हते. इस्पितळात दोघं भाऊ समोरासमोर असत. औषधाचं बोलत, उशीचं बोलत. टेबलाचं नाव कोणी काढलं नाही. मी मुद्दाम बाहेर जाऊन बसे. परत यावं तर पुन्हा औषधाचंच चाललेलं.

हे गेल्यावर भाऊजी एकदा घरी आले. "आता सैनिक घेऊन जा," मी म्हटलं. ते खुर्चीत बसले. पुलापासून टेबलाच्या कडेपर्यंत टेप लावून बघितली. मग यांच्या बाजूला जाऊन बसले आणि तिथूनही बघितलं.

"दादाने काय म्हटलं असतं ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "त्यावर मी काय म्हटलं असतं तेही. पण त्याच्या पुढचं मला येत नाही, वहिनी."

"मग राहू द्या."

"राहू द्या," भाऊजी म्हणाले आणि उठले. मी दार लावून घेतलं.