मोठा पाना

हिवाळा तिला सोयीचा पडायचा. लांब बाह्या का घातल्यास म्हणून कुणी विचारत नाही, मफलर गळ्यावरून का काढत नाहीस म्हणून विचारत नाही, आणि ओठ म्हणाल तर थंडीने सगळ्यांचेच फुटलेले असतात. उन्हाळ्यात मात्र जगातल्या यच्चयावत बायकांना दुसरीच्या दंडाकडे बघायला कुठून वेळ मिळतो कोण जाणे. ती कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात कामाला होती. वाफेच्या इस्त्रीपाशी दिवसभर उभी. थंडीत तो कोपरा सगळ्यात ऊबदार, त्यामुळे सोबतच्या बायका तिचा हेवा करायच्या. तिलाही वर्षातले ते चार महिने आपण नशीबवान आहोत असं वाटायचं.

नवरा प्लंबर. साऱ्या वस्तीत त्याचं नाव होतं. हाताला गुण आहे म्हणायचे. थंडीने पाइप गोठायला लागले की त्याचा फोन उसंत घ्यायचा नाही. लोकांच्या घरी तो बूट दाराबाहेर काढायचा, काम झाल्यावर ओली फरशी स्वतः पुसायचा, म्हाताऱ्यांची थट्टामस्करी करून त्यांना हसवायचा. दिवसभरात ही सगळी गंमत वाटून झाली की उरलेला माणूस घरी यायचा. त्या उरलेल्या माणसाशी तिने अकरा वर्षं संसार केला होता.

मुली दोन. थोरली नऊ वर्षांची, धाकटीला सहावं लागलेलं. थंडीत मागची खोली बंद करून चौघंही हीटर असलेल्या पुढच्या खोलीत झोपायची, आणि मग सकाळी उठल्यापासून लढाई. माझा मोजा कुणी घेतला, गरम पाण्याची पिशवी रात्रभर तुझ्याकडेच का, माझं पांघरूण ओढलंस. धाकटीचा स्वेटर तिला चावायचा. रोज. थोरली तिला खाली बसवून, डोकं दोन गुडघ्यांत दाबून धरून स्वेटर चढवायची आणि वर म्हणायची, "चावू दे. तू पण चाव त्याला." एवढी हुशार पोर, पण हसायची कमी. शिक्षिका म्हणायच्या, फार समंजस आहे तुमची मुलगी. आईला त्याचा अभिमान वाटायचा. नऊ वर्षांच्या मुलीला एवढा समंजसपणा लागतोच कशाला, हा प्रश्न तिला पडला नाही. पडू दिला नाही म्हणा.

कारण तिने स्वतःची समजूत घालून ठेवली होती. सहा वर्षांपूर्वी, धाकटी पोटात असताना, तिने नवऱ्याला एकदाच सांगितलं होतं, "माझ्यावर काय काढायचं ते काढा. पोरींना हात लावायचा नाही." त्याने शब्द दिला आणि पाळलाही. पोरींवर साधा आवाजसुद्धा चढवला नाही. या एका गोष्टीवर तिने बाकी सगळं सोसलं. पोरींना काही कळत नाही, असं ती धरून चालली होती. सुरू झालं की थोरली धाकटीला घेऊन न्हाणीघरात जायची, दार लावायची, आणि आत नळ धो धो वाहायला लागायचा. "हात धुवायला एवढं पाणी लागतं का गं?" असं तिने थोरलीला दोनदा फटकारलंही होतं. थोरली नुसती बघत राहिली होती.

आणि घड्याळ. एकदा मारताना त्याच्या मनगटावरच्या घड्याळाची कडी तिच्या भुवईत घुसली होती. भुवईला तीन टाके पडले, आणि घड्याळाची काच तडकली. काचेचं त्याला आठवडाभर वाईट वाटत होतं. त्यानंतर त्याने सवयच लावून घेतली: आधी घड्याळ काढायचं, फ्रिजवर नीट ठेवायचं, मग वळायचं. घड्याळ फ्रिजवर गेलं की घरात सगळ्यांना पुढचं ठाऊक असायचं. तसा कामावरही पाण्यात हात घालण्याआधी तो घड्याळ काढून ठेवायचा, पण ते घरच्यांना कुठून दिसणार. घरातल्या नळाला त्याने लग्नापासून हात लावला नव्हता. स्वयंपाकघरातल्या बेसिनखालचा सांधा तीन महिने गळत होता, खाली भांडं ठेवलेलं होतं. प्लंबरच्या घरी नळ गळतो म्हणून दुकानातल्या बायका हसायच्या. तीही हसायची.

त्या रविवारी सकाळी घरातलं पाणीच गोठलं. स्वयंपाकघरात नाही, न्हाणीघरात नाही, कुठेच थेंब नाही. शुक्रवारी त्याने तिला बरगड्यांवर मारलं होतं, आणि आता त्याच्या पश्चात्तापाचे दिवस चालू होते. अशा दिवसांत तो चहा करून द्यायचा, खाली मान घालून बोलायचा. ती ओट्यापाशी बटाटे चिरत होती. पुढच्या खोलीत पोरी पांघरुणांच्या घड्या घालता घालता भांडत होत्या.

"बघतो आज त्या नळाकडे," तो हळूच म्हणाला.

"आज तरी बघा," ती म्हणाली. बरगडी ठणकत होती, त्यामुळे शब्द जरा तिरका गेला.

"आज तरी म्हणजे?" त्याचा आवाज चढला. "आज तरी म्हणजे काय?"

पुढच्या खोलीतलं भांडण बंद झालं. ती बटाटे चिरत राहिली. त्यानेही राग गिळला, खरोखरच गिळला; हे तिने नंतर स्वतःशी पुन्हा पुन्हा कबूल केलं. त्याने बाह्या वर सारल्या, घड्याळ काढलं आणि फ्रिजवर ठेवलं. मग तो गुडघ्यांवर बसला, बेसिनखालचं कपाट उघडलं आणि डोकं आत घातलं.

तेवढ्यात न्हाणीघराचं दार लागल्याचा आवाज आला. नळाची चावी कुरकुरली. पाइप आतल्या आत खाकरला, आणि गप्प. चावी पुन्हा फिरली, जोरात, शेवटपर्यंत. काहीच नाही. हातात सुरी तशीच धरून ती ऐकत राहिली, आणि इतक्या वर्षांनी तिच्या टाळक्यात उजेड पडला. हात धुवायला नव्हताच तो नळ. आईचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून होता.

तिने तेव्हाच हाक मारायला हवी होती. बाबा नळ दुरुस्त करतायत गं, एवढंच म्हणायचं होतं. पण लाजेने तिची वाचा बसली होती.

"ए, कुणीतरी मोठा पाना आणा," तो कपाटातून ओरडला. "दारामागच्या पेटीतला. मोठा."

न्हाणीघराचं दार उघडलं. पेटीत खडखडाट झाला. थोरली आली ती दोन्ही हातांनी पाना छातीशी धरून. हातभर लांबीचं लोखंड, तिला पेलवत नव्हतं. तिने ओठ घट्ट मिटले होते. जड आहे म्हणून, आईला वाटलं. त्याचा डावा हात कपाटाच्या कडेवर टेकलेला होता. थोरलीने पाना डोक्याच्या वर नेला आणि त्या हातावर घातला.

हाड मोडल्याचा आवाज आईच्या ओळखीचा होता. तो किंचाळला, डोकं वर बेसिनला आपटलं. दुसरा घाव त्याच्या कानावर बसला. तो मागच्या मागे बाहेर आला, कानामागून रक्त मानेवर उतरत होतं, आणि समोर कोण आहे हे न बघताच त्याने उजवा हात फिरवला. थोरली शेगडीच्या कोपऱ्यावर जाऊन आदळली. मग त्याने बघितलं. कोण आहे ते त्याला दिसलं, आईने ते त्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि तरीही त्याने तिची वेणी मुठीला गुंडाळली आणि तिचं डोकं कपाटाच्या दारावर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. सहा वर्षं पाळलेला शब्द मोडायला त्याला दोन श्वाससुद्धा लागले नाहीत.

"सोड तिला," ती म्हणाली. अकरा वर्षांत तिने त्याला कधी अशी एकेरी हाक मारली नव्हती. त्याला ती ऐकूही गेली नाही. पाना जमिनीवर पडला होता. तिने तो उचलला आणि त्याच्या खांद्यावर मारला. मूठ सुटली नाही. मग तिने सगळा जोर लावून मारला, आणि थोरली त्याच्या हातातून खाली गळून पडली.

तिसरा घाव घालायला तिचे हात वर गेले होते. घालावासा वाटत होता, मनापासून, डोक्यातच. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि त्याचीच तिला धडकी भरली. दारात धाकटी उभी होती. दोन्ही कान दाबून, डोळे गच्च मिटून ती तोंडाने पाण्याचा आवाज काढत होती. शूऽऽऽ, श्वास संपेपर्यंत, आणि पुन्हा शूऽऽऽ. नळाला पाणी नव्हतं, म्हणून.

आईने पाना खाली टाकला.

तो भिंतीला टेकून बसला होता, मोडका हात मांडीवर घेऊन. "नळ दुरुस्त करत होतो मी," तो म्हणाला. "नुसता नळ." आणि हमसून हमसून रडायला लागला. तो खरं बोलत होता. तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा संताप आला.

दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. दोन हिवाळ्यांपूर्वी आईचा मोडलेला हात त्यांनीच बसवला होता.

"काय झालं?"

"जिन्यावर घसरलो," तो म्हणाला. "बर्फ होता." आणि त्याने तिच्याकडे पाहिलं. वाक्य तिचंच होतं, तिने याच खोलीत वापरलेलं.

"आणि ही?" थोरलीच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं, ओठ सुजून जाड झाला होता.

"हिने माझा हात धरला होता ना. हीपण घसरली."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याला पडद्यापलीकडे प्लास्टरला पाठवलं. मग थोरलीला टेबलावर बसवून त्या तिची जखम पुसू लागल्या. औषध झोंबलं असणार, पण पोरीने हूं की चूं केलं नाही. धाकटी आईच्या ओढणीत तोंड खुपसून बसली होती. एक मान हलवली की झालं असतं. चौघं एकच गोष्ट घेऊन घरी गेली असती.

"आई," थोरली हळू म्हणाली, "बाबा नळच दुरुस्त करत होते ना गं?"

"हो."

"म्हणजे मी उगाचच मारलं." ती विचारत नव्हती. तिचं ठरलं होतं. "आता सगळं माझ्यामुळे झालं."

आईने तिच्याकडे पाहिलं. मारणारा पडद्यापलीकडे होता, आणि अपराधी होऊन बसली होती ही, नऊ वर्षांची, पाय खाली पोचत नव्हते तिचे. पडद्यापलीकडून तो खाकरला. जपून बोल, असा त्या खाकरण्याचा अर्थ होता.

"बाई," ती मोठ्याने म्हणाली, पलीकडे नीट ऐकू जाईल असं. "कुणी घसरलेलं नाही. जिन्यावरून मीही कधी घसरले नव्हते."

डॉक्टरीणबाईंनी हातातला बोळा खाली ठेवला. आधी लिहिलेला कागद बाजूला सारून नवा घेतला.

"पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या.

तिने थोरलीचा हात हातात घेतला आणि पहिल्यापासून सांगायला लागली. मधे त्याने दोनदा तिला हाक मारली. प्लास्टर पुरतं वाळलं, तरी तिचं सांगून झालं नव्हतं.