शेपटीचा जी

"भाभी, पोट्टे भेऊन राह्यले," शाळेचा शिपाई गुलजारभाई वह्यांचा गठ्ठा ओट्यावर ठेवत म्हणाला. "म्हन्तात, मास्तर मेले तरी वह्या तपासून राह्यले."

गठ्ठ्यात कुणीतरी लिंबू खोचलं होतं. भुताचा उतारा. ते मी दुपारी वरणात पिळलं.

मास्तर म्हणजे माझे यजमान, रामराव. साखरखेर्ड्याच्या मिडल शाळेत इंग्रजी शिकवायचे. शेवटची तीन वर्षं मोतीबिंदूनं डोळे गेल्यातच जमा होते. शिकवायचं सगळं तोंडपाठ, त्यामुळं वर्गात निभायचं. वह्यांचं कसं निभावं? नागपूरहून तपासणीला येणाऱ्या साहेबांना कळलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून त्यांनीच शिकवलेल्या इंग्रजीवर मी वह्या मोठ्यानं वाचायची, ते पडल्या पडल्या चूक सांगायचे आणि मी त्यांच्या अक्षरात दुरुस्त करायची.

चुका बहुतेक एकाच घरच्या. आपण 'पोहायला आवडतं' म्हणतो ना, म्हणून पोरं इंग्रजीतही सगळीकडे 'टू स्विम' घालतात. 'वाँट'पुढं ते चालतं. 'एंजॉय'पुढं 'स्विमिंग'च हवं. हळूहळू ऐकता ऐकता मास्तरांचा डोळा लागायचा, आणि मी एकटीच तपासत राहायची. 'इंग' लिहून लिहून त्यांचा जी माझ्या हातात बसला. खाली विंचवाच्या नांगीसारखी वळलेली शेपटी.

पौषात ते गेले. नवे मास्तर लवकर मिळेनात. तेराव्यानंतरच्या सोमवारी गुलजारभाईनं सवयीनं गठ्ठा आणला. त्यानं काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. लाल शाईत टाक बुडवला की मास्तर कागदावर चालत यायचे. गठ्ठा येतोय तोवर ते होते. मला तेवढंच हवं होतं.

मग पंजाबराव आले. इंग्रजीचे नवे मास्तर, एके काळी यांच्याच हाताखाली शिकलेले. वही आणि गुलजारभाईला घेऊन थेट घरी आले आणि हे कोण तपासतं म्हणून गुलजारभाईला विचारलं. तो म्हणाला, खुदा जाने. शेवटी मीच म्हटलं, मी. त्यांना खरं वाटेना. दौत माझ्यापुढं सरकवून त्यांनी पाच इंग्रजी वाक्यं सांगितली. मी लिहिली. एकही चुकलं नाही.

त्यांनी हातातली वही उघडून कागदाशेजारी ठेवली.

"काकू, हे तं मास्तरांचं अक्षर हाय. तुमचं कोन्तं?"

मी दौतीचं झाकण लावलं.

"पोट्ट्यायले मास्तर गेले हे कळू द्या लागते," ते हळूच म्हणाले. "आता वह्या मी नेतो."

बरोबरच बोलत होते. लाल रेघ मारायला जागा नव्हती.

टाक आणि दौत शाळेची. परत दिल्याच्या कागदावर माझी सही हवी होती. इंग्रजीत स्वतःचं नाव मी आजवर कधी लिहिलंच नव्हतं. एकेक अक्षर जुळवत 'रुख्मिणी' लिहिलं. नावात कुठं जी नव्हता. तरी शेवटच्या अक्षरावर हात थांबला नाही. खाली उतरला आणि नांगीसारखा वळला.

गुलजारभाईनं ते पाहिलं. शाई वाळेपर्यंत तो कागदाची घडी न करता, दोन्ही हातांवर धरून, तसाच उभा राहिला.