तलासरीहून देवजी भोये

"काका, बुधवारी आपली चर्चा पाण्यावर आहे. डोंगरपट्टीतले हातपंप, बोअरवेल, सगळं. आणि या वेळी तज्ज्ञ म्हणून तुमच्या भागातलंच माणूस स्टुडिओत बसवायचं ठरलंय," रेडिओवरची निलम फोनवर म्हणाली आणि देवजी भोये खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

तलासरीच्या तहसील कचेरीबाहेर, लहान्याच्या चहाच्या टपरीला लागून त्याचं टेबल होतं. रेशनकार्डात नाव चढवायचा अर्ज लिहून घ्यायला एक म्हातारी समोर बसली होती. तिला त्याने हातानेच थांब म्हणून सांगितलं.

"येतो ना म्याडम. किती वाजता पोचायचं?"

"नाही काका, म्हणजे... तुमच्या मिसेस हातपंप दुरुस्त करतात ना? मागे एकदा तुम्हीच ऑन एअर सांगितलं होतं. त्यांना पाठवाल?"

सांगितलं होतं खरं. दुष्काळाच्या चर्चेत, आपण काही ऐरेगैरे नाही हे मुंबईच्या लोकांना कळावं म्हणून, "आमच्या घरात तर खुद्द हातपंप मेकॅनिक आहे" असं तो मोठ्या ऐटीत बोलून गेला होता. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात तो असा.

देवजीचं रेडिओवरचं नाव ही काही साधी गोष्ट नव्हती. दर बुधवारी सकाळी दहा ते अकरा 'सकाळची चावडी' लागायची. तिघे जाणकार येऊन देशापुढच्या प्रश्नावर बोलायचे आणि शेवटचा अर्धा तास श्रोत्यांचे फोन घ्यायचे. अठरा वर्षांत देवजीने क्वचितच एखादा बुधवार चुकवला असेल. कांद्याची निर्यात, पेपरफुटी, चांद्रयान, संयुक्त राष्ट्रसंघ, कशावरही त्याचं मत तयार असे. आदल्या दिवशी तो ते कागदावर उतरवायचा, गोठ्यात बैलांसमोर म्हणून बघायचा आणि मग मिनिटभरात बसेल एवढं काटून घ्यायचा. "तलासरीहून देवजी भोये, बोला," असं निलमने म्हटलं की त्याची छाती फुगायची. बाजारात लोक म्हणत, "काल ऐकला हां तुला." दोन एकर भात, थोडी नाचणी आणि वीस वीस रुपयांचे अर्ज यांच्यापलीकडे त्याच्याजवळ काही होतं, तर ते हेच.

आणि बायजी? चौथी शिकलेली. एकोणीस वर्षं पंचायत समितीच्या हातपंप पथकात. खांद्यावर मोठा पाना टाकून पाडे धुंडाळायची, संध्याकाळी हाताला ग्रीस लावून घरी यायची आणि चार शब्दांत दिवस सांगून मोकळी व्हायची. रेडिओ लागला की ती नाचणी निवडायला मागल्या पडवीत जायची.

संध्याकाळी त्याने तिला निरोप सांगितला. नाही म्हणेल अशी त्याला आशा होती.

"मी काय बोलू तिथं?" ती म्हणाली. देवजीला बरं वाटलं. तेवढ्यात तिने हात धुता धुता पुढचं वाक्य टाकलं. "पण जाते. पाइपांचं सांगायचं हाय मला."

त्या रात्री देवजीच्या पोटात दुखू लागलं, आणि ते काही वालाच्या भाजीने नव्हतं. तरी मोठेपणा सोडवेना. सोमवारी, मंगळवारी बसून त्याने तिच्यासाठी चार पानांचं भाषण लिहिलं. 'भूजलपातळीची उत्तरोत्तर होणारी अधोगती' असं त्याचं पहिलंच वाक्य होतं. बायजीने ती पानं ओल्या हाताने धरायची नाहीत म्हणून पदराला हात पुसले, पहिलं पान बोट ठेवून वाचलं आणि चारही पानं नीट जुळवून त्याच्या हातात परत दिली.

"चांगलं लिवलंस. पण माझ्या तोंडात नाय बसायचं. माझं मी बोलेन."

आता तलासरीत त्याला भेटेल तो म्हणू लागला, "बायजी रेडिओवर जाते ना?" कचेरीतला शिपाई तर सरळ म्हणाला, "बायजीचा नवरा का तू?" अठरा वर्षांचं नाव दोन दिवसांत धुऊन निघालं.

बुधवारी पहाटे पाणीपुरवठ्याच्या साहेबांच्या जीपमधून बायजी मुंबईला गेली. दहाच्या सुमारास लहान्याने टपरीच्या फळीवर रेडिओ ठेवून आवाज पूर्ण वाढवला. दहा-बारा माणसं गोळा झाली. देवजी आपल्या टेबलाशी, आपल्याला काही पडलेलं नाही अशा चेहऱ्याने बसला.

आधी भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक बोलले, मग एक निवृत्त अधिकारी. टपरीवर कुणाला त्यातलं फारसं कळलं नाही आणि देवजीला त्याचं समाधान वाटत होतं. मग निलमने विचारलं, "बायजीताई, पंप बिघडला की आधी काय बघता?"

"दांडा बघते," बायजीचा आवाज आला. घरात यायचा तसाच. "दांडा एकदम हलका लागला तं आत सळई सुटली. लई वेळ मारल्यावर पाणी आलं तं वायसर गेला. सकाळी पाणी येतं, दुपारी येत नाय, तं मंग जमिनीतलं पाणीच खाली गेलं. बायांना हे हाताला कळतं. पण त्यांना कोण विचारत नाय. साहेब येतो तो सरपंचाला विचारतो. सरपंच कधी पाणी भरतो?"

टपरीवर हशा पिकला. प्राध्यापक म्हणाले की हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगायला हवं. लहान्या फळीवर थाप मारून म्हणाला, "काय बोलली बघ! देवजी, तू अठरा वर्षं बोलतोस, पण असं एकदा तरी बोललास का?"

देवजी हसला. आतून त्याचा जीव जळत होता. हे वाक्य तिला सुचलंच कसं? आपण बैलांपुढे घसा कोरडा करायचा आणि हिने आयत्या वेळी तोंड उघडून मैदान मारायचं!

फोन सुरू झाले. विक्रमगडहून एकाने वायसर किती महिने टिकतो ते विचारलं. "वापरावर हाय भाऊ," बायजी म्हणाली. बोर्डीहून एका चिकूवाल्याने बागांच्या बोअरवेलवर उगाच ठपका ठेवू नका म्हणून दम दिला. "दादा, ठपका नाय. पण तुमची मोटर लागली की खालच्या पाड्याचा पंप थांबतो, ते एकदा येऊन बघा." तेही वाक्य टपरीवर टाळी घेऊन गेलं.

"लहान्या, तुझा मोबाईल दे जरा. माझ्यातला बॅलन्स संपलाय," देवजी म्हणाला. त्याचा स्वतःचा नंबर तिकडे सगळ्यांच्या ओळखीचा होता.

तो कचेरीच्या मागच्या भिंतीशी गेला. फोन लागला. तोंडावर रुमाल धरला, आवाजाला गुजराती वळण दिलं. गुजरात तिथून हाकेवर. बोली काय, पाण्यासारखी इकडून तिकडे वाहते.

"जय श्रीकृष्ण म्याडम, झाईहून नविनभाई बोलतो. त्या बेनला विचारा, गेल्या उन्हाळ्यात आंबेपाड्याचा पंप अकरा दिवस बंद हता. ही बेन बघून गेली, ने अकरा दिवस नवीन पाइप नाय आला. बायका नदीचा पाणी पीत हती. रेडिओवर मोठी वात करते, तर त्याला जबाबदार कोण?"

एवढं बोलून त्याने फोन बंद केला. त्याला मजा वाटत होती. अकरा दिवस का लागले, हे त्याने त्या घाईत मनात येऊच दिलं नाही. टपरीशी परत आला तेव्हा निलम तोच प्रश्न बायजीला पुन्हा विचारत होती.

"हा कोण झाईचा? आंबेपाड्याचे दिवस मोजत बसलाय तिथं," कुणीतरी म्हणालं.

"खरं हाय," बायजी म्हणाली. "अकराच दिवस. आतले दोन पाइप सडले होते. नवे मागवायचे तं अर्ज लागतो. मला नीट लिहिता येत नाय. घरच्या माणसाला सांगितलं, त्यानं लिवला. लई चांगला लिवला. पण द्यायचा राहिला. अकराव्या दिवशी त्याची पिशवी धुवायला काढली, त्यात मला दिसला. मंग मी नेऊन दिला."

"आणि तोवर बायकांनी काय केलं?"

"एकाड एक दिवस सकाळी मी जायची. बाया मिळून पाइप वर ओढायच्या. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या करून फुटक्या जागी आवळायची. तास-दीड तास चालायचा. तेवढ्यात जेवढं भरेल तेवढं."

"मग चूक कोणाची म्हणायची, ताई?"

"माझी. पंप माझ्याकडं होता. अर्ज पोचला का, मी विचारायला पाहिजे होतं. नविनभाईंना म्हणावं, चूक माझी."

देवजीच्या हातातला रुमाल तसाच राहिला. विक्रमगडचा भाऊ होता, बोर्डीचा दादा होता. पुरुष म्हणून जो बोलला त्याला बायजीने काहीतरी नातं लावलं होतं. नविनभाईला मात्र तिने भाऊ म्हटलं नव्हतं, निलमबाईंच्या मार्फत नुसता निरोप दिला होता. स्वतःच्या नवऱ्याला कुठली बाई भाऊ म्हणेल? तिने त्याला पहिल्या वाक्यालाच ओळखलं होतं.

आणि त्या अकरा दिवसांतल्या पहाटा! तोंडावर पाणी मारून ती कुठे जाते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याच आठवड्यात तिचा पाना घेतलेला फोटो पेपरात आला होता. फोटो आल्यापासून हिचे पाय घरात ठरत नाहीत, असं तो मनात कुढत राहिला होता, आणि अर्ज आज देऊ, उद्या देऊ करत पिशवीत ठेवून दिला होता.

टपरीवरची माणसं आता त्याच्याकडे बघत होती. तलासरीत बायजीचे अर्ज कोण लिहितो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"होतं असं. कामाच्या गडबडीत राहतं," लहान्या सांभाळून घेत म्हणाला.

देवजीला पळवाट समोर दिसत होती. मान हलवली असती तर झालं असतं. गडबडीत राहिलं. विषय संपला. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच नाव, तीच छाती. त्याने लहान्याचा मोबाईल फळीवर ठेवला आणि खिशातून स्वतःचा काढला.

"काका, आज किती उशीर!" फोन घेणारी बाई म्हणाली. "अर्धंच मिनिट मिळेल हां. जोडते."

"आणि आपले जुने श्रोते," निलमचा आवाज रेडिओतून आणि फोनमधून असा दोन्हीकडून आला. "तलासरीहून देवजी भोये. आज तर तुमच्या घरचाच कार्यक्रम आहे, काका. बोला."

त्याच्याजवळ कागद नव्हता.

"म्याडम, मगाशी झाईहून नविनभाई बोलला, तो मीच. तोंडाला रुमाल लावून बोललो. अर्ज माझ्याकडं होता, आणि मी विसरलो नव्हतो. तिचा पेपरात फोटो आला, ते मला बघवलं नाय, म्हणून दिला नाय. बायांनी नदीचं पाणी पिलं ते माझ्यामुळं. चूक तिची नाय."

टपरीवर कुणी कप खाली ठेवला नाही. "काका, म्हणजे... तुम्ही..." निलम म्हणाली. एवढ्या वर्षांत निलम अशी अडखळलेली कुणी ऐकली नव्हती. प्राध्यापक खाकरले. मग बायजीचा आवाज आला, जरा घोगरा.

"पुढचा फोन घ्या म्याडम. लोक खोळंबलेत."

देवजीचा फोन तिकडून कापला गेला. रेडिओवर कुणीतरी सुकी नावाची बाई, पहिल्यांदाच फोन करत असल्यासारखी, हॅलो हॅलो करत होती.

"बोल बाय, ऐकते मी," बायजी म्हणाली.

ती बाई आपल्या पाड्याचं सांगू लागली. टपरीवरचे सगळे रेडिओकडे वळले. देवजी त्यांच्या मागे, बंद फोन कानाला तसाच धरून, बायको काय सांगते ते ऐकत उभा राहिला.