पातळ पेज

"अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालीस गो!" म्हणून वाडीतल्या बाया मैनाला चिडवायच्या. चिडवणं प्रेमाचं, पण खोटंही नव्हतं. म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा शिकवायला सरकारनं रत्नागिरीत वर्ग काढला होता, आणि मैना हातखंब्याहून एसटीनं तिथं जायची. योगिनी सिस्टर शिकवायच्या. अंथरुणातल्या माणसाची कूस कशी बदलायची, अंग कसं पुसायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, सगळं हात धरून. मग शिकणं अर्ध्यावर असतानाच एका सोमवारी बघते तर दाराला कुलूप. वरून पैसाच यायचा थांबला म्हणे. आता घ्या! भाषणात म्हातारी माणसं म्हणजे घराचा आधार, आणि खर्च कापायची वेळ आली की पहिली कात्री त्यांच्यावरच.

तेवढ्यात तिचे सासरे महिपतआबा लकव्यानं आडवे झाले. नवरा रितेश मुंबईला नोकरीत, म्हणजे सगळं मैनावरच. पण तिनं आबांना असं जपलं की पाठीवर ओरखडा उठू दिला नाही. येणाराजाणारा वाखाणायचा. मैनाला बरं वाटायचं, का नाही वाटावं?

दवाखान्यातून सोडताना "हलकं खाणं द्या" एवढंच सांगितलेलं. हलकं म्हणजे पेज, आणि आजाऱ्याची पेज म्हणजे पातळ. हे का कुणी शिकवायला हवं? पहिल्याच घोटाला आबांना ठसका लागला. मैनानं टाळूवर थोपटलं. "वर बघा आबा, वर बघा! मुलानं आठवण काढली." आबा अर्ध्या तोंडानं हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिला वाटलं, शितं अडकतायत. तिनं पेज आणखी पातळ केली, फडक्यातून गाळून घेतली. ठसका वाढतच गेला. फोनवर ती रितेशला हसून म्हणायची, "एवढी आठवण काढू नका हो, जेवू द्या त्यांना."

मग ताप भरला, छाती घरघरायला लागली. दवाखान्यात नेलं तर तिथं योगिनी सिस्टर भेटल्या. वर्ग बंद पडल्यावर त्या तिथं नोकरीला लागल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"लकव्याच्या माणसाला पातळ झेपत नाही गो, छातीत उतरतं. पेज घट्ट करायची, बसवून भरवायची, ठसका लागला की थांबायचं."

"हे शिकवलं नाहीत तुम्ही!"

"पुढच्याच आठवड्यात शिकवणार होते, बाय."

आबा गेले. मैना सरकारवर चिडली, दवाखान्यावर चिडली, आणि फिरून फिरून स्वतःवरच येऊन थांबली. आपल्याच हातानं भरवलं होतं, एकेक चमचा, मायेनं.

तेरावं झाल्यावर खालच्या वाडीतली कमळा आली. तिच्या सासूलाही लकवा झाला होता. "तू शिकलेली आहेस गो, चल ना."

मैना गेली. पेज चांगली घट्ट शिजवून घेतली, म्हातारीला उशांना टेकवून बसवलं.

"आजाऱ्याला एवढी घट्ट? लोक काय म्हणतील?" कमळानं विचारलं.

"म्हणू देत."

म्हातारीनं घास नीट गिळले. मैनाचा जीव भांड्यात पडला. मग म्हातारीनं तांब्याकडे बोट केलं.

"पाणी मागतेय," कमळा म्हणाली. "पाणी कसं पाजायचं गो?"

पाणी तर पेजेहून पातळ. मैनानं तांब्या उचलला आणि तसाच धरून राहिली.

"ते मला ठाऊक नाही गो," ती म्हणाली, आणि तिथंच रडायला लागली.