आठाचे सोळा करणारे महाराज

नीरजाच्या टायपिंग क्लासात पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर चपलांचा ढीग, खिडकीच्या गजांना लोंबकळलेली माणसं, आणि टेबलावर हळदकुंकू लावून, अबोलीचा वळेसार माळून बसवलेला संगणक. त्या वर्षी मालवणात संगणक पाहिलेली माणसंच विरळ. त्यात हा तर म्हणे मंत्राने पळणारा!

शेजारी भगव्या कफनीत गुरुदास महाराज. "देवगडच्या बागायतदाराक इचारा, खारेपाटणच्या दुकानदाराक इचारा! लहान प्रोसेसरात मी मोठ्याचं बळ भरतो! महागडी यंत्रं घेतात ते अज्ञानी जीव!" महाराज मध्येच शुद्ध मराठीत शिरत. सिद्धी बहुधा त्याच भाषेत येत असावी.

नीरजा आईच्या पाटल्या रुमालात बांधून उभी होती. टाइपरायटरवर शिकायला आता मुली येईनात. संगणक आला तर क्लास तगणार होता. चुकीचा आला तर क्लासही जाणार नि पाटल्याही. मोठ्या प्रोसेसरचं यंत्र तिच्या ऐपतीबाहेरचं होतं. महाराजांचं लहान यंत्र, सिद्धीसकट, बरोबर दोन पाटल्यांत बसत होतं. देवाला तिच्या रुमालातलं कसं कळलं, हे तिला कोडंच होतं.

महाराजांनी पडद्यावर बेरजा सुरू केल्या. आकडे गोगलगाईसारखे सरकत होते. पेटीवर लाल दिव्यांचा आठ.

"आठ मेगाहर्ट्‌झ! गरिबाचा वेग!" असं म्हणून त्यांनी डावा हात पेटीवरच्या फुलांवर ठेवला, उजव्या हातात नारळ घेतला आणि गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घातलं. जत्रेत, घरभरणीला आपण घालतो ना, अगदी तसंच.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकीच्या यंत्रात जा काय बळ कमी आसात, ता आज दुप्पट करून टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गर्दीच्या हुंकाराने कौलं थरथरली. आठाचे सोळा झाले नि पडद्यावरचे आकडे धावत सुटले.

"गो बाय माझ्या!" शेजारच्या अक्कांनी पदर पसरून नमस्कार घातला. "दी गो नीरजा, दी त्या पाटल्यो! आणखी कसली वाट बघतंस?"

मागून हायस्कुलातल्या डोरथीबाई बोलल्या. विज्ञान शिकवायच्या, आवाज वर्गात कमावलेला. "महाराज, आता परत एकदा करून दाखवा. पण ह्या वेळी कोणी हुंकार देवचो नाय."

"हुंकाराशिवाय गाऱ्हाणां कसला?"

"कित्याक? देव बहिरो आसा?"

खिडकीतली माणसं फिस्सकन हसली. महाराज खवळले, नारळ नाचवत शाप देऊ लागले. नीरजा मात्र त्या नारळाकडे बघतच नव्हती. एवढे हातवारे चालले होते, पण डावा हात काही फुलांवरून उठत नव्हता.

ती पुढे झाली. "महाराज, जरा हात काढा."

"शिवू नको! लहरी तुटतील!"

तिने वळेसार बाजूला केला. खाली एक बटण. तिने दाबलं. टक्‌! सोळाचे आठ. पुन्हा दाबलं. टक्‌! आठाचे सोळा. तो बारीकसा आवाज आता ओट्यापर्यंत ऐकू गेला, कारण ह्या वेळी तो बुडवायला हुंकार नव्हता.

"पण सोळा तर झाले ना?" अक्का चिवटपणे म्हणाल्या.

डोरथीबाईंनी स्क्रू काढून झाकण उघडलं. "पणजीत माझो भाव सिप्रियन हीच यंत्रां दुरुस्त करता. ह्या बारक्या पिना बघा. आकडो ह्यांच्यावर ठरता, वेगावर नाय." त्यांनी पिना इकडच्या तिकडे केल्या. दिव्यांत नव्याण्णव उजळले. "घेवा! आता किती नारळ फोडतास?"

जुने प्रोग्राम चालावेत म्हणून यंत्र मुद्दाम हळू करायची सोय असते; ते बटण त्याचंच. महाराज आधी यंत्राला लंगडं करत, मग त्याचाच मूळचा वेग प्रसाद म्हणून विकत.

"मगे वेग खरोच वाढणा नाय, बाई?" नीरजाने विचारलं.

"वाढता. आतलो ठोके देणारो स्फटिक बदललो की थोडो वाढता. पण मगे प्रोसेसर तापता, मधीच अडकता, कधी बेरीज पण चुकयता. तुका काय शिकवूचा आसा?"

"टायपिंग. पत्रां. गुणपत्रकां."

"मगे ल्हानच प्रोसेसर घे. तुझ्या कामाक तो पुरता. फक्त ल्हानाच्याच भावात घे."

तोवर महाराज मागच्या दाराने पसार झाले होते. यंत्र राहिलं, नारळ मात्र गेला.

ते यंत्र पोलिसांनी जमा केलं. नीरजाने महिनाभरात रत्नागिरीहून साधं यंत्र आणलं. एकाच पाटलीत. मुली आता तिच्याकडे नंबर लावतात.

त्या दिवशी हुंकार देणाऱ्यांना हसू नका. गाऱ्हाणं आपलंच आहे. दुसऱ्याच्या लेकीचं भलं व्हावं म्हणून एवढी माणसं घसा फोडून ओरडली, यात लाज कसली? लाज त्याची, ज्याने त्या मायेच्या आवाजात आपलं बटण लपवलं. तेव्हा "व्हय म्हाराजा" खुशाल म्हणा. फक्त म्हणताना डोळे उघडे ठेवा, आणि महाराजांचा दुसरा हात कुठे आहे तेवढं बघा.