पोटावरून छातीवर

मित्रांनो, मी एक जुनी कातडी आहे. ढोलाची नव्हे, घाटकोपरच्या चाळीत राहणाऱ्या रत्नप्रभेच्या पोटावरची. सध्या आम्ही दोघी इस्पितळात आहोत. उद्या सकाळी डॉक्टर मला कापून टाकणार, म्हणून आजच बोलून घेते.

माझं आधीचं आयुष्य सुखाचं आणि बिनकामाचं गेलं. लुगड्याच्या निऱ्यांखाली ना ऊन, ना वारा. नलू पोटात होती तेव्हा ताणले गेले, तेवढेच काय ते कष्ट. पुढे तीच नलू माझ्यावर दोन्ही हातांनी तबला बडवायची आणि मला गुदगुल्या व्हायच्या.

मग रत्नप्रभेच्या डाव्या स्तनात गाठ आली. लाजेपायी तिने ती नवऱ्याला, गुणाजीलाही सांगितली नाही. गाठ फुटली तेव्हा कुठे इस्पितळ दिसलं. डॉक्टरांनी स्तन काढला, वरची कातडीही काढावी लागली. मागे एवढी मोठी जखम राहिली, की ती शिवायला कातडीच पुरेना. नलू "आई, घे ना" म्हणून हात वर करायची आणि रत्नप्रभा तिला लांब ठेवायची.

"ही जखम भरली की पोरीला उराशी घेता येईल ना?" एवढंच ती डॉक्टरांना विचारायची.

तेव्हा सगळ्यांना माझी आठवण झाली. डॉक्टरांनी मला तीन बाजूंनी सोडवलं, रक्त मिळत राहावं म्हणून चौथी बाजू पोटाशी जोडलेली ठेवली, आणि वर वळवून जखमेवर शिवलं. केवढी बढती! मला फार अभिमान वाटला. टाके निघाले आणि आम्ही घरी आलो. नलूने माझ्यावर हळूच तळवा ठेवला. रत्नप्रभा तिच्याकडे बघून हसली, पण मला त्या हाताचा स्पर्श कळलाच नाही. मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी घरी पाठवताना सगळं बजावलं होतं: ओढू नका, भिजवू नका, त्या कुशीवर झोपू नका. शेकाचं कोणी बोललं नाही.

रत्नप्रभेची शुश्रूषा करायला मालवणहून गुणाजीची थोरली बहीण आली होती, मालन आक्का. गावात कितीतरी बाळंतिणींना तिने शेकलं होतं. तिने मला हात लावला आणि ती दचकली.

"अगो, ह्या तर थंड पडलाहा!"

मी गारच असायचे, हे खरं. आक्काने जाडं मीठ तव्यावर तापवलं, फडक्यात बांधलं आणि पुरचुंडी माझ्यावर दाबून धरली.

"भाजता काय गो, रत्ना?"

"नाय गो आक्का. काय एक लागणा नाय."

"मगे आणखी जरा तापवतंय."

मित्रांनो, मी ओरडायला हवं होतं. पण मलाच कळत नव्हतं, तर रत्नप्रभेला काय कळणार? दुसऱ्या दिवशी मी फोडांनी भरले. मग काळी पडले.

इस्पितळात डॉक्टरांचा आवाज चढला. "शेक दिला कुणी? तिथे हिला काही जाणवत नाही!"

"माझ्या हातान दिलंय," आक्का म्हणाली. "पण भाजता काय म्हणान इचारलंय मी तिका. परत परत इचारलंय." आणि ती तिथेच जमिनीवर बसली.

तिने खरंच विचारलं होतं. डॉक्टरांनी दाराबाहेर गुणाजीला सांगितलं ते आम्हा दोघींना ऐकू आलं: मेलेली कातडी कापावीच लागेल, पण जखमेवर लावण्यासारखी कातडी पोटावर आता उरलेली नाही, आणि दुसरीकडून आणून लावण्याचं मोठं ऑपरेशन सोसण्याची ताकद रत्नप्रभेच्या अंगात नाही; जखम उघडीच राहणार.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी अशी शिवलेली कातडी घेऊन आलं, तर तिला शेकू नका. गार लागली तरी शेकू नका. तिच्या मालकिणीला विचारूही नका, कारण ती खरं सांगेल आणि ते चुकीचं असेल. मायेने लावलेल्या हाताची मला कधी तक्रार नव्हती, आजही नाही.

आज संध्याकाळी नलू भेटायला आली होती. रत्नप्रभेने तिला खाटेजवळ येऊ दिलं नाही. दारातूनच तिचं तोंड बघितलं आणि गुणाजीला म्हणाली, "घेऊन जावा तिका. सवय होऊंदे."